ऑफिसचं पार्किंग आणि ‘तात्पुरती सोय’ : एका जुन्या भांडणाचा इतिहास

हा आपल्या नव्या भागाचा लेखी मजकूर. हेडफोन घरी राहिला असेल तर वाचून काढा, दहा-बारा मिनिटांत होईल.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, पार्किंगला कसला आलाय इतिहास? पण कुठल्याही ऑफिसात जा आणि चहाच्या टपरीवर नुसतं म्हणा, “पार्किंगचं काय चाललंय?” पगारवाढीवर गप्प बसणारी माणसंसुद्धा बोलायला लागतील. बेसमेंट बंद, गेटवर काम सुरू, आणि एक मेल आलेला : ‘काही काळासाठी कर्मचाऱ्यांनी आपली वाहने मागच्या मोकळ्या प्लॉटवर लावावीत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हा मेल तुमच्यापैकी अनेकांनी वाचलाय.

या मेलमधला ‘तात्पुरतं’ हा शब्द कुठून येतो, गैरसोय नेमकी कोणाची होते आणि ती कोण ठरवतं, हे आज बघायचंय. त्यासाठी आपण परळ, पुणे, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया आणि नॉटिंगहॅम असा फेरफटका मारणार आहोत.

जेव्हा पार्किंगचा प्रश्नच नव्हता

सुरुवात घरापासून करू. मुंबईच्या गिरणगावात एक काळ असा होता की कामगाराची गाडी कुठे लावायची हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नसता. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळीतून माणूस भोंगा ऐकून निघायचा आणि चालत गिरणीच्या गेटवर पोचायचा. १९८२ चा संप झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. एवढ्या माणसांसाठी पार्किंग किती लागायचं? जवळपास शून्य. कारण घर आणि काम एकमेकांना चिकटून होतं. त्याची किंमत मात्र कामगाराने दहा बाय दहाच्या खोलीत राहून मोजलेली होती, हे विसरायला नको.

पुण्याचं वेगळं. पुणं म्हणजे सायकलींचं शहर. कचेऱ्या, कॉलेज, थिएटर, सगळीकडे सायकल स्टँड. तिथे एक माणूस बसलेला, त्याच्याकडे पत्र्याचे जोडबिल्ले. एक तुमच्या सायकलला अडकवायचा, दुसरा तुमच्या खिशात. आजोबांना विचारून बघा, बिल्ला हरवला की काय चौकशी व्हायची ते.

मग १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागात कारखाने वाढले आणि घर आणि काम यांच्यातलं अंतर मैलांमध्ये गेलं. मोठ्या कंपन्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे कंपनीची बस. शिफ्टच्या वेळेला चौकाचौकांत डबा घेऊन उभी असलेली माणसं हे पुण्याचं जुनं चित्र आहे. म्हणजे माणूस आणण्या-नेण्याची जबाबदारी काही प्रमाणात कंपनी घेत होती.

१९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, पण हळूहळू स्कूटर घरोघरी पोचली. १९८० च्या दशकात १०० सीसीच्या मोटारसायकली आल्या. कारखान्यांच्या आवारात पत्र्याच्या शेड पडल्या. आणि इथे एक गोष्ट गुपचूप बदलली. बस कंपनीची होती, ती कुठे उभी करायची ही कंपनीची डोकेदुखी होती. गाडी तुमची झाली, आणि डोकेदुखीही तुमची झाली.

ओक्लाहोमा सिटी, १९३५ : रस्ता कोणी अडवला?

अमेरिकेत हीच गोष्ट आपल्या कितीतरी आधी घडली. ओक्लाहोमा सिटी हे तिथलं एक शहर. १९२० ते १९३० या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. १९२८ मध्ये तिथे तेल सापडलं. मोटारी वाढल्या आणि मुख्य बाजारपेठेचे रस्ते भरून गेले.

दुकानदारांची तक्रार होती की गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागाच मिळत नाही, ते निघून जातं. मग रस्त्यावर दिवसभर कोणाच्या गाड्या उभ्या असायच्या? त्याच भागात काम करणाऱ्या लोकांच्या! सकाळी लवकर यायचं, दारासमोरची जागा पकडायची आणि संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. म्हणजे ज्या दुकानांना गिऱ्हाईक हवं होतं, त्यांच्याच नोकरांच्या गाड्या गिऱ्हाइकाची जागा अडवत होत्या.

वेळेची मर्यादा होती बरं का. पोलीस टायरवर खडूने खूण करायचे आणि थोड्या वेळाने फेरी मारून बघायचे. पण खडू पुसता येतो आणि गाडी दोन हात पुढे घेता येते. माणसाचं डोकं सगळीकडे सारखंच चालतं.

तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या वाहतूक समितीवर कार्ल मगी नावाचे एक पत्रकार होते. त्यांच्या डोक्यात आलं की जागेला भाडं लावायचं आणि वेळ मोजायला यंत्र ठेवायचं. ओक्लाहोमाच्या कृषी आणि तंत्र महाविद्यालयातले प्राध्यापक थ्यूसन आणि तिथेच शिकलेले जेराल्ड हेल यांनी ते यंत्र घडवलं. १६ जुलै १९३५ या दिवशी जगातलं पहिलं पार्किंग मीटर रस्त्यावर उभं राहिलं. तासाला पाच सेंट.

लोक चिडले. आधीच कर भरलेल्या रस्त्यावर उभं राहायला परत पैसे का द्यायचे, हा त्यांचा सवाल. पण मीटर रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले होते, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचे दुकानदार म्हणायला लागले की आमच्याकडेही बसवा. कारण मीटरच्या बाजूला जागा रिकामी व्हायला लागली होती.

ही गोष्ट नेहमी ‘एका शोधाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. मीटरने नोकरदाराला रस्त्यावरून हटवलं, पण तो गेला कुठे? काम तर त्याला तिथेच होतं. त्याचं उत्तर मीटरमध्ये नव्हतं.

तात्पुरत्या मैदानांची पैदास

तो गेला मोकळ्या प्लॉटवर. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. शहराच्या मध्यभागी जुन्या इमारती होत्या, भाडेकरू मिळत नव्हते, कर मात्र भरावा लागत होता. मालकांनी हिशोब केला : इमारत पाडा, जमीन सपाट करा, गाड्या लावू द्या. किमान कर तरी सुटेल. चांगले दिवस आले की पुन्हा बांधू. ही व्यवस्था ‘तात्पुरती’च होती.

चांगले दिवस आले, पण अनेक ठिकाणी इमारत परत आलीच नाही. अमेरिकन शहरांच्या मध्यवस्तीचे जुने हवाई फोटो बघा. दर दशकाला इमारतींमधली रिकामी चौकटं वाढत गेलेली दिसतात.

दुसरीकडे सरकारांनी नियम केले. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये नव्या निवासी इमारतींसाठी पार्किंगची सक्ती केली. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोने १९३९ मध्ये हॉस्पिटल आणि हॉटेलांना ती लावली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नियम जवळपास सगळ्या शहरांत पसरला, ऑफिसांनाही लागू झाला. आपल्याकडच्या बांधकाम नियमांमध्ये अमुक चौरस मीटरला इतक्या गाड्या असं कोष्टक असतं, तेही याच विचारातून आलेलं.

आता एक छोटा हिशोब. एका मोटारीला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. आत-बाहेर करायची वाट धरली तर जवळजवळ दुप्पट. तुमच्या ऑफिसातलं टेबल-खुर्ची एवढी जागा खातं का? म्हणजे कित्येकदा माणसापेक्षा त्याच्या गाडीला जास्त जागा दिलेली असते. ही जागा फुकट नसते. तिचं भाडं कोणीतरी भरतंच, फक्त त्याचं बिल वेगळं निघत नाही.

आमच्या प्लॉटची गोष्ट

इथे थोडं स्वतःचं सांगतो. पुण्यात मी एका कंपनीत काम करत होतो, नाव घेत नाही. आमच्या इमारतीचं बेसमेंट वॉटरप्रूफिंगसाठी बंद झालं. मेलमध्ये ‘दोन महिने’ असं लिहिलं होतं. रस्त्यापलीकडचा एक रिकामा प्लॉट भाड्याने घेतला होता. काळी माती, कडेला राडारोडा, दिवा एकही नाही.

पहिला पाऊस पडला आणि साइड स्टँड मातीत जायला लागले. एक गाडी पडली की ओळीतल्या पाच-सहा पडायच्या. मग लोक घरून फरशीचा तुकडा आणायला लागले, स्टँडखाली ठेवायला. काहींनी तुकड्यावर मार्करने नाव लिहिलं होतं! त्यावर आम्ही हसायचो. पण सपोर्टच्या टीममध्ये मुली होत्या, त्यांची शिफ्ट रात्री दहाला सुटायची. मोबाईलचा टॉर्च लावून, तिघी-चौघी मिळून त्या प्लॉटवर जायच्या. एकीचं काम उरलं तर बाकीच्या थांबायच्या.

आणि इमारतीच्या पुढच्या पोर्चमध्ये आठ मोटारी रोज उभ्या असायच्या. त्या जागा वरच्या साहेबांच्या. बेसमेंट बंद झालं तरी त्या हलल्या नाहीत. आठ मोटारींच्या जागेत रात्रपाळीच्या सगळ्या मुलींच्या स्कूटी आरामात मावल्या असत्या. हे कोणी मुद्दाम दुष्टपणाने केलं होतं असं मला वाटत नाही. यादी करताना कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढंच. पण डोक्यात कोण येतं आणि कोण येत नाही, हाच तर मुद्दा आहे.

दोन महिन्यांचे नऊ झाले. त्यात काय बदललं आणि कशामुळे, ते पुढे सांगतो. आधी साहेबांच्या जागेचा इतिहास बघू.

साहेबांची जागा आणि एकाच कारखान्याच्या दोन गोष्टी

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले क्लार्क कर हे गमतीने म्हणायचे की विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या तक्रारीने एकत्र बांधलेले प्राध्यापक. त्याच विद्यापीठाच्या बर्कली आवारात नोबेल मिळालेल्या प्राध्यापकाला राखीव पार्किंग मिळतं, तिथे ‘एनएल’ अशी पाटी असते. नोबेलच्या बरोबरीने सांगावी अशी गोष्ट पार्किंगची जागा आहे, यातच सगळं आलं.

याच्या उलट, १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल सुरू केली तेव्हा राखीव पार्किंग ठेवलंच नाही. जो आधी येईल तो जवळ लावेल. उशिरा आला तर मालकसुद्धा लांबून चालत येईल.

आता एका कारखान्याची गोष्ट. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात कायम जुंपलेली, गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला. बरेचसे कामगार तेच, युनियनही तीच. बदललं काय? कामाची पद्धत बदलली, कामगाराला असेंब्ली लाइन थांबवायचा अधिकार मिळाला. आणि आणखी दोन छोट्या गोष्टी : साहेबांसाठी वेगळं कॅन्टीन नाही आणि साहेबांसाठी राखीव पार्किंग नाही. गैरहजेरी धपकन खाली आली. हे पार्किंगमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण सकाळी गेटमधून आत आल्यावर कामगाराला सगळ्यात आधी दिसणारी गोष्ट पार्किंग होती, आणि तिथे लिहिलेलं होतं की इथे कोणी खास नाही.

गोष्ट इथे संपत नाही. नुमी २०१० मध्ये बंद झाली आणि तो कारखाना टेस्लाने घेतला. कामगारांची संख्या भराभर वाढली, जमीन तेवढीच. तिथल्या पार्किंगच्या टंचाईच्या बातम्या यायला लागल्या. मग जून २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ऑफिसातल्या लोकांनाही आठवड्याला किमान ४० तास प्रत्यक्ष हजर राहायला सांगितलं. लोक आले. तेव्हा बातम्यांत आलं की पुरेशी टेबलं नाहीत, पुरेसं पार्किंग नाही, आणि काहींना जवळच्या रेल्वे स्टेशनवर गाडी लावून यावं लागतंय.

एकच जमीन, ४० वर्षांत दोन धडे. पहिला, कमी जागासुद्धा समान वाटली तर लोक चालवून घेतात. दुसरा, हजर राहायचा हुकूम काढताना माणसांच्या गाड्यांची मोजदाद कोणी केलेलीच नव्हती.

पैसे कोण भरतं?

डोनाल्ड शूप हे लॉस एंजेलिसचे प्राध्यापक होते. त्यांनी आयुष्यभर पार्किंगचा अभ्यास केला, २००५ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘फुकट’ पार्किंगचे पैसे सगळे भरतात, बसने येणाराही. कंपनी जेव्हा गाडीवाल्याला फुकट जागा देते, तेव्हा चालत येणाऱ्याला ती काहीच देत नाही.

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने यावर एक कायदा केला. ठराविक आकाराच्या ज्या कंपन्या भाड्याची पार्किंग कर्मचाऱ्यांना फुकट देतात, त्यांनी ‘जागा नको, तेवढे पैसे द्या’ असा पर्यायही ठेवायचा. शूप यांनी अशा आठ ऑफिसांचा अभ्यास केला. एकट्याने गाडी घेऊन येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलं. कोणावर सक्ती नाही, दंड नाही. फक्त लपलेली किंमत उघड केली.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमने २०१२ पासून दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. अकरा किंवा त्याहून जास्त पार्किंगच्या जागा देणाऱ्या मालकाने प्रत्येक जागेमागे शहराला वर्षाला शुल्क द्यायचं. उद्योगांनी आरडाओरड केली, काहींनी ते शुल्क कर्मचाऱ्यांच्या गळ्यात घातलं. पण तो पैसा कुठे गेला हे लोकांना दिसलं : ट्रामचे नवे मार्ग २०१५ मध्ये सुरू झाले.

मग आपण करायचं काय?

आता परत आमच्या प्लॉटवर येऊ. तिथे फरक पडला तो भांडणाने नाही. सपोर्टच्या टीममधल्या एका मुलीने एक पानाचा मेल लिहिला. तक्रारीची भाषा नाही, नुसते प्रश्न. ही व्यवस्था कोणत्या तारखेपर्यंत? तारीख पुढे गेली तर कोण कळवणार? रात्री आठनंतर दिवा आणि वॉचमन असेल का? पोर्चमधल्या आठ जागा संध्याकाळनंतर रात्रपाळीला मिळतील का? खाली टीममधल्या सगळ्यांची नावं. पंधरा दिवसांत हॅलोजन लागला, मुरूम पडला, आणि संध्याकाळी सहानंतर पोर्च दुचाकींना मोकळा झाला. काम लांबायचं ते लांबलंच, पण त्या नऊ महिन्यांतले शेवटचे महिने सुसह्य झाले.

इतिहास वाचल्यावर मला त्या मेलचं महत्त्व जास्त कळतं. तुमच्याकडे अशी वेळ आली तर हेच विचारा. तारीख लेखी मागा, कारण विनातारखेचं तात्पुरतं हे महामंदीतल्या त्या प्लॉटसारखं कायमचं होतं. जवळच्या जागा आधी कोणाला, हे विचारा : दिव्यांग सहकारी, गरोदर बाई, रात्रपाळी. प्लॉटचं भाडं जात असेल तर त्याच पैशात शटल बस बसते का, किंवा बसने-मेट्रोने येणाऱ्याला पास मिळेल का, हे विचारा. आणि ‘गेटबाहेर आमची जबाबदारी नाही’ असं उत्तर आलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात मालकाने पुरवलेलं वाहनसुद्धा कामाच्या ठिकाणात मोडतं. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात निकाल दिला. साखर कारखान्याचा वॉचमन पहाटेच्या ड्युटीला मोटारसायकलवरून जाताना, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. अपघात २००३ चा. कामाशी संबंध जोडता येत असेल तर येण्या-जाण्याच्या वाटेवरचा अपघातही भरपाईच्या कायद्यात बसतो, असं न्यायालय म्हणालं. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, पण गेट ही जबाबदारीची शेवटची रेघ आहे असं डोळे झाकून म्हणता येत नाही. त्या कुटुंबाला मात्र हे ऐकायला २२ वर्षं लागली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसची ‘तात्पुरती सोय’ किती वर्षांची झाली, ते आम्हाला व्हॉइस नोट पाठवून सांगा. कंपनीचं नाव नका घेऊ, गोष्ट सांगा. फरशीचे तुकडे नेणारं आणखी कोणी निघालं तर मला भेटायला आवडेल. पुढच्या भागात भेटू.